देखरेख करणारी क्रियापदे



नवे सत्र सुरू झाले की आपल्या शाळेत नेमणुका जाहीर होतात. कुणी हाउस कॅप्टन होतो, कुणी प्रीफेक्ट, कुणी मेस इन-चार्ज, कुणी वर्गाचा मॉनिटर. छातीवर बिल्ला लागतो आणि त्याच आठवड्यात पहिली अडचण येते. ड्यूटी रजिस्टर इंग्रजीत लिहायचे असते. दिवसभर जे काम केले त्याला क्रियापद कोणते वापरायचे? बहुतेक जण एकच शब्द लिहून मोकळे होतात. प्रेप सुपरवाइज्ड, मेस सुपरवाइज्ड, गेम्स सुपरवाइज्ड. ज्याला भाषेची थोडी हौस असते तो समानार्थी शब्दांचा कोश उघडतो आणि रोज नवा शब्द टाकतो. सोमवारी सुपरवाइज्ड, मंगळवारी मॅनेज्ड, बुधवारी कंट्रोल्ड.

पण कोशात एका ओळीत बसलेले शब्द एकाच अर्थाचे नसतात. एका फॉल-इनमध्ये शेजारी उभे असले तरी क्वार्टरमास्टरचे काम वेगळे आणि सेक्शन कमांडरचे वेगळे. शब्दांचेही तसेच आहे. प्रत्येक शब्द मुळात कुठून आला हे कळले की त्याची ड्यूटी कळते. म्हणून या लेखात मी या क्रियापदांचे पाच सेक्शन केले आहेत: डोळ्याचे, हाताचे, लेखणीचे, भाराचे आणि सेवेचे. इंग्रजीच्या पेपरला याचा उपयोग होईलच, पण ज्यांच्यावर पुढच्या वर्षी ज्युनिअर्सची जबाबदारी येणार आहे त्यांना जास्त होईल.

पहिला सेक्शन: डोळा

सुपरवाइज हा शब्द लॅटिनमधून आला. सुपर म्हणजे वर आणि विडेरे म्हणजे पाहणे. वरून पाहणे. ओव्हरसी हा शब्द अस्सल इंग्रजी आहे, पण त्याची बांधणी हुबेहूब तीच: ओव्हर म्हणजे वर, सी म्हणजे पाहणे. इन्स्पेक्टमध्येही पाहणेच आहे, पण आत पाहणे. म्हणून इन्स्पेक्शनच्या दिवशी साहेब फक्त पलंगांच्या रांगेकडे पाहत नाहीत, लॉकर उघडायला लावतात. सुपरइंटेंड या शब्दात लक्ष एका दिशेला ताणून धरणे आहे. मॉनिटर हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ बजावणे, सावध करणे असा आहे. म्हणजे मॉनिटरने गप्पा मारणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे हे काम नंतरचे. आधी त्याने सावध करायला हवे.

आता मराठीकडे या. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले आणि त्याच वर्षी राज्य सरकारचे भाषा संचालनालय सुरू झाले. सरकारी कारभार मराठीत चालवायचा तर आधी पदांना मराठी नावे हवीत, म्हणून १९६२ साली पदनाम कोश निघाला. आज आपण सहज वापरतो ती नावे पाहा. सुपरिंटेंडेंट म्हणजे अधीक्षक, इन्स्पेक्टर म्हणजे निरीक्षक, सुपरवायझर म्हणजे पर्यवेक्षक. तिन्हींत संस्कृतचा एकच धातू आहे, ईक्ष् म्हणजे पाहणे. अधि म्हणजे वर, म्हणून अधीक्षक वरून पाहणारा. परि म्हणजे चहूबाजूंनी, म्हणून पर्यवेक्षक सगळीकडून पाहणारा. परीक्षक, समीक्षक आणि प्रेक्षक हे त्याच घरातले भाऊ. परीक्षेच्या हॉलमध्ये जे फिरतात ते पर्यवेक्षक, आणि घरी बसून पेपर तपासतात ते परीक्षक. दोघेही पाहतातच, पण आपण घाबरतो वेगवेगळ्या वेळी.

बोली मराठीत तर पाहणे याचाच अर्थ सांभाळणे होतो. 'गावाकडची शेती कोण बघतं?' असे विचारले तर बांधावर उभे राहून पाहणाऱ्याचे नाव कुणी सांगत नाही. देखरेख या शब्दात देखणे आहे, पाहणी या शब्दात पाहणे आहे. आपण ज्या शहरात शिकतो तिथली कन्नडही हेच करते. नोडु म्हणजे पाह, आणि नोडिकोळ्ळि म्हणजे सांभाळा, काळजी घ्या. इथल्या सरकारी पाट्यांवर सुपरवायझरसाठी मेल्विचारक असा शब्द दिसतो. मेल् म्हणजे वर. विचारणे आपल्या ओळखीचेच आहे. वरून विचारपूस करणारा. मला हा शब्द इंग्रजीपेक्षाही आवडतो, कारण नुसते पाहून माणसाचे काय चालले आहे ते कळत नाही, विचारावे लागते.

डोळ्याची उलटी बाजू

या सेक्शनमध्ये एक खड्डा आहे आणि त्यात दरवर्षी कुणीतरी पडतो. ओव्हर म्हणजे वर आणि लुक म्हणजे पाहणे, तर ओव्हरलुक म्हणजे देखरेख करणे असेच वाटते. म्हणून रजिस्टरमध्ये कधी कधी असे वाक्य सापडते: 'ओव्हरलुक्ड द क्लीनिंग ऑफ द डॉर्मिटरी.' लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, साफसफाईवर देखरेख केली. वाचणाऱ्याला कळते, साफसफाईकडे दुर्लक्ष केले. ओव्हरलुकचा जुना अर्थ देखरेख असाही होता, पण आज त्याचा मुख्य अर्थ नजरेतून सुटणे किंवा कानाडोळा करणे असा आहे. एखाद्या खिडकीतून उलसूर तलाव दिसत असेल तर खिडकी तलाव ओव्हरलुक करते, तेवढे बरोबर. कॅडेटने काम ओव्हरलुक करू नये.

ओव्हरसाइट हा शब्द तर त्याहून फसवा. त्याचे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक अर्थ देखरेख, दुसरा अर्थ नजरचूक. संसदेची ओव्हरसाइट म्हटले तर देखरेख. 'इट वॉज अॅन ओव्हरसाइट' म्हटले तर चूक झाली अशी कबुली. अर्थ वाक्यावरून ओळखायचा.

हे इंग्रजीचे वेड आहे असे समजू नका. संस्कृतमध्ये उप म्हणजे जवळ आणि ईक्ष् म्हणजे पाहणे. दोन्ही जोडले की शब्द होतो उपेक्षा! जवळ असून नुसते पाहत राहणे म्हणजे उपेक्षा. दोन भाषा, एकमेकींपासून इतक्या दूर, पण दोघींनी हाच अनुभव शब्दात ठेवला आहे की पाहणारा माणूस बघ्या कधी होतो ते त्याचे त्यालाही कळत नाही.

समजा, सहावीच्या डॉर्मिटरीत रात्री रोलकॉल झाला. पलंग मोजले, चाळीसच्या चाळीस कॅडेट हजर. रजिस्टरमध्ये सुपरवाइज्ड लिहिले गेले आणि ते खरेही आहे. पण त्यातल्या एका पलंगावर एकाला ताप भरला आहे आणि तो नवा असल्यामुळे कुणाला सांगायला लाजतो आहे. त्याला पाहिले सगळ्यांनी. विचारपूस कुणी केली नाही. तेव्हा डोळ्याच्या सेक्शनवर सगळे काम सोपवता येत नाही.

दुसरा सेक्शन: हात

मॅनेज हा शब्द ऑफिसातून आला असे आपल्याला वाटते, पण तो आला पागेतून. इटालियन भाषेत मानेज्जारे म्हणजे हाताळणे, विशेषतः घोडा हाताळणे. त्याच्या मुळाशी लॅटिन मानुस म्हणजे हात. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो घोडा शिकवण्यासाठी वापरत. नंतर घोड्याच्या जागी माणसे, पैसे आणि कारखाने आले. घोड्याला नुसते वरून पाहून तो चालत नाही. लगाम हातात घ्यावा लागतो, आणि तोही फार ओढून चालत नाही, फार सोडून चालत नाही.

मराठीत याला तोडीस तोड शब्द आहे: हाकणे. आपण बैल हाकतो, गाडी हाकतो, आणि कारभारही हाकतो. संसाराचा गाडा हाकणे असे तर रोज म्हणतो. इंग्रजीने घोड्यावरून शब्द घेतला, आपण बैलावरून, एवढाच फरक.

यावरून सुपरवाइज आणि मॅनेज यांतला भेद स्पष्ट होतो. काम दुसरे करतात आणि ते नीट होते की नाही हे तुम्ही पाहता, ते सुपरवाइज. माणसे, वेळ, सामान, पैसा हे सगळे जमवून काम पार पाडायचे आणि निर्णयही तुम्ही घ्यायचे, ते मॅनेज. प्रेपच्या वेळी प्रीफेक्ट सुपरवाइज करतो. वार्षिक दिनाच्या नाटकाचे कपडे, तालमी, प्रकाशयोजना सांभाळणारा मॅनेज करतो.

मॅनेजचे आणखी दोन उपयोग लक्षात ठेवा. मॅनेजच्या पुढे टू आले तर अर्थ होतो कसेबसे जमवणे. 'आय मॅनेज्ड टू फिनिश द पेपर' म्हणजे पेपर कसाबसा पुरा केला. दुसरा उपयोग इंग्रजीचा नाही, आपला आहे. 'त्याला मॅनेज केलं', 'मॅच मॅनेज होती' असे आपल्याकडे म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ पैसे देऊन किंवा ओळख लावून गैरमार्गाने काम करून घेणे असा असतो. इंग्रजी वाक्यात या अर्थाने मॅनेज वापरू नका, आणि जगण्यातही नको. बेंगळुरूचे प्रसिद्ध 'स्वल्प अॅडजस्ट माडी' हे बसमध्ये जागा मागायला ठीक आहे, हिशेबात नाही.

तिसरा सेक्शन: लेखणी

कंट्रोल म्हणजे दाबून ठेवणे अशी आपली समजूत असते. मूळ अर्थ पूर्ण वेगळा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये कंत्र-रोल म्हणजे प्रतिनोंदवही. हिशेबाची एक गुंडाळी कारभाऱ्याकडे असे आणि तिची पडताळणी करायला दुसरी वेगळ्या माणसाकडे. दोन्ही जुळल्या तर हिशेब खरा. हा कंट्रोल. त्यात आवाज चढवणे नाही, नोंद आहे.

ही युक्ती शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर फार पक्की होती. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत त्या व्यवस्थेचे वर्णन आहे. किल्ला एकाच माणसाच्या हातात नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, तिघे बरोबरीच्या मानाचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. हवालदाराकडे किल्ला आणि त्याच्या किल्ल्या, सबनिसाकडे लेखन आणि हजेरी, सरनोबताकडे शिबंदी. धान्य आणि सामानसुमानासाठी कारखानीस वेगळा. एक जण फितूर झाला तरी किल्ला शत्रूच्या हाती जाऊ नये असा त्यामागचा विचार.

आता इंग्रजी क्रियापदे लावून पाहा. हवालदार कमांड करतो. सबनीस कंट्रोल करतो, म्हणजे प्रतिनोंद ठेवतो. कारखानीस मॅनेज करतो. तिघांसाठी 'सुपरवाइज्ड द फोर्ट' असे एकच क्रियापद लिहिले तर ही सगळी व्यवस्थाच दिसेनाशी होते. आजच्या कंपनीत कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार सामान पाहतो आणि कंपनी हवालदार मेजर शिस्त पाहतो, त्यामागेही कामे वाटून देण्याचाच विचार आहे.

चौथा सेक्शन: भार

कमांड म्हणजे हुकूम देणे. पण या शब्दाच्या पोटात लॅटिन मानुस म्हणजे हात आणि दारे म्हणजे देणे आहे. मूळ अर्थ हाती सोपवणे. आणि हवालदार म्हणजे तरी काय? अरबी हवाला म्हणजे सोपवणे, फारसी दार म्हणजे बाळगणारा. ज्याच्या हवाली काही केले आहे तो हवालदार. माझे वडील हवालदार आहेत. लहानपणापासून मी हा शब्द ऐकतो, पण त्यात कमांड हा शब्द आपल्या पोशाखात उभा आहे हे मला या लेखाची तयारी करताना कळले.

चार्ज हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ होता गाडीत माल भरणे. चार्ज म्हणजे ओझे. मराठीतही तेच: पदभार, कार्यभार, प्रभारी. कारभार या शब्दातही भार आहेच. म्हणून पदभार 'स्वीकारतात' असे आपण म्हणतो. ओझे मागून घेत नाहीत, दिले की स्वीकारतात.

शब्दांचा विषय निघाला आहे तर आपल्या शहराशी नाते असलेली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी पदांची फारसी नावे बदलली. मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसाचे सचिव, डबीराचे सुमंत, सरनौबताचे सेनापती. पुढे राज्यव्यवहारकोश तयार झाला. संस्कृत श्लोकांतला हा कोश दहा वर्गांचा आहे. त्यात किल्ल्यांच्या शब्दांसाठी दुर्गवर्ग आहे आणि दप्तराच्या शब्दांसाठी लेखनवर्ग. हे काम रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे होते. हणमंते घराणे शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीचा कारभार पाहणारे, आणि त्या जहागिरीचे मुख्य ठाणे १६३८ पासून बेंगळुरू होते. म्हणजे मराठी राज्याच्या कारभाराला शब्द देणाऱ्या माणसाच्या घराण्याचा अनुभव याच मातीतला.

एवढे करूनही हवालदार, सुभेदार हे शब्द गेले नाहीत. लष्कराने ते जपले. नाईक हा त्यांच्यातला संस्कृत शब्द, नी म्हणजे नेणे या धातूवरून. नेणारा तो नायक. इंग्रजीत याला लीड.

पाचवा सेक्शन: सेवा

अॅडमिनिस्टर म्हणजे प्रशासन करणे. मुळात मिनिस्त्रारे म्हणजे सेवा करणे. मिनिस्टर हा शब्द लॅटिनमध्ये सेवकासाठी होता. म्हणूनच डॉक्टर औषध अॅडमिनिस्टर करतात तेव्हा ते औषधावर राज्य करत नाहीत, रोग्याला ते देतात. लुक आफ्टर हे याच सेक्शनमधले साधे क्रियापद. त्यात लुक आहे, पण तो वरून पाहणारा डोळा नव्हे. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, काळजी घेणे. तापाने फणफणलेल्या ज्युनिअरला सुपरवाइज करायचे नसते. त्याला लुक आफ्टर करायचे असते, म्हणजे पाणी द्यायचे आणि एमआय रूममध्ये न्यायचे.

एका घराचे उदाहरण

बऱ्याच फॉर्मांवर आईचा व्यवसाय असा रकाना असतो. आमच्यापैकी पुष्कळांचे वडील फौजेत, कुणी सरहद्दीवर, कुणी दूरच्या छावणीत. त्या रकान्यात आम्ही हाउसवाइफ लिहितो. मी माझ्या आईच्या कामांना वरची क्रियापदे लावून पाहिली. सातारा जिल्ह्यात आमची थोडी शेती आहे. भांगलणीला बायका येतात तेव्हा ती सुपरवाइज करते, आणि बहुतेक वेळा स्वतःही पात धरते. विहिरीच्या पाण्याची पाळी, बियाणे, सोसायटीचे कर्ज हे मॅनेज करते. बाबांचा पगार जमा झाला की कुठे किती जायचे ते ठरवून देते, म्हणजे अॅडमिनिस्टर. वहीत खर्च लिहून पासबुकाशी ताडून पाहते, म्हणजे कंट्रोल, अगदी फ्रेंच अर्थाने. आजीला लुक आफ्टर करते. आणि हे सगळे तिच्या हवाली करून बाबा ड्यूटीवर असतात, म्हणजे त्या घराची हवालदार तीच.

यंदाच्या फॉर्मवर मी लिहिले: 'मॅनेजेस द फार्म अँड द हाउसहोल्ड.' रविवारी फोनवर आईने विचारले, "मॅनेज म्हणजे काय रे लिहिलंस?" मी म्हटले, "गाडा हाकणे." ती म्हणाली, "मग बरोबर आहे."

व्याकरणाचे चार नियम

एक. सुपरवाइजच्या पुढे ओव्हर लावू नये, कारण वर हा अर्थ त्यात आधीच आहे. 'सुपरवाइज्ड द प्रेप' एवढेच पुरे. प्रिसाइडला मात्र ओव्हर लागते.

दोन. 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' यांत एका द ने बाजू उलटते. 'द प्रीफेक्ट इज इन चार्ज ऑफ द ज्युनिअर्स' म्हणजे ज्युनिअर्सचा भार प्रीफेक्टवर. 'द ज्युनिअर्स आर इन द चार्ज ऑफ द प्रीफेक्ट' म्हणजे ज्युनिअर्स प्रीफेक्टच्या हवाली. द चुकला तर ज्युनिअर्सच प्रीफेक्टला सांभाळू लागतील.

तीन. वस्तू हँडल करतात, माणसांना लीड करतात. माणसाला हँडल केले असे लिहिले तर तो माणूस अवघड होता असा अर्थ निघतो.

चार. रजिस्टरमध्ये क्रियापदाबरोबर काय आढळले तेही लिहावे. नुसते इन्स्पेक्टेड पुरेसे नाही. इन्स्पेक्ट करून काय सापडले?

सराव

खालील वाक्यांतील कामासाठी योग्य इंग्रजी क्रियापद शोधा.

१. मेसमधल्या साखरेची पोती स्टोअरच्या वहीशी ताडून पाहिली.
२. आजारी मित्राजवळ रात्रभर बसून त्याची काळजी घेतली.
३. परेडला कंपनीला हुकूम दिले.
४. बुटांच्या तळव्यांपर्यंत सगळे तपासले.
५. सहलीची बस, जेवण आणि पैसे यांची व्यवस्था लावली.
६. तुटलेली खिडकी दिसूनही तिकडे काणाडोळा केला.
७. क्रॉस कंट्रीत सर्वांच्या पुढे धावून संघाला नेले.
८. नर्सिंग असिस्टंटने लस दिली.

उत्तरे: १. कंट्रोल किंवा चेक, २. लुक आफ्टर, ३. कमांड, ४. इन्स्पेक्ट, ५. मॅनेज, ६. ओव्हरलुक, ७. लीड, ८. अॅडमिनिस्टर.

आठही बरोबर आली तर पेपरातले गुण तुमचे. आणि पुढच्या सत्रात बिल्ला मिळाला तर रजिस्टर भरण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारा की आज आपण नुसते पाहिले, हाताळले, नोंदले, भार उचलला, की सेवा केली. जे केले असेल तेच क्रियापद लिहा.